दादासाहेबांनी कोणतं समाजमंदिर बांधलं?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो 'कर्मवीर दादासाहेब गायकवाड : एक लोकप्रतिनिधी' असा. फलकावर तो लिहिला गेला आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या वस्तीतल्या एका तरुणाने मला रस्त्यात थांबवले. म्हणाला, "काका, दादासाहेब आमदार होते, खासदार होते, हे ऐकलंय. पण त्यांनी कोणतं समाजमंदिर बांधलं?" पोरगा चेष्टा करत नव्हता. त्याच्या जन्मापासून त्याने काय पाहिले? गल्लीच्या तोंडाशी पाटी, अमुक यांच्या निधीतून काँक्रीटीकरण. हायमास्ट दिव्याच्या खांबावर पाटी. व्यायामशाळेवर पाटी. निवडून आलेल्या माणसाचे काम पाटीवर वाचायचे असते असेच त्याला वाटणार. म्हणून आजचे भाषण मी त्याच प्रश्नाला धरून करणार आहे.

सरळ उत्तर आधी देतो. खासदार निधी ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजी गेले. त्यांच्या हातात असा निधीच नव्हता. नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळ भाभानगरला त्यांच्या नावाचे महापालिकेचे मोठे सभागृह आहे, तिथे आपण लग्नाला जातो, सभेला जातो. ते त्यांच्या पश्चात त्यांचे नाव देऊन उभे राहिले. मग त्यांच्या कामाचा हिशेब मांडायचा कसा? माझ्या मते दोन गोष्टी पाहाव्यात. लोकांचं काय त्यांनी सभागृहात नेलं, आणि सभागृहात जे झालं ते घेऊन ते परत लोकांत आले की नाही.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याचे नाशिकमधले ओझे त्यांच्या खांद्यावर होते. तो लढा बाबासाहेबांनी थांबवायला सांगितला तेही दादासाहेबांनाच पत्र लिहून, मार्च १९३४ मध्ये. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, त्यावर मी वेळ घेत नाही. आपण जयंतीला सत्याग्रह सांगतो, पण सत्याग्रहानंतर हाच माणूस कायदेमंडळात जाऊन बसला, ते सांगायचं राहून जातं.

१९३७ साली मुंबई प्रांताच्या असेंब्लीची निवडणूक झाली. बाबासाहेबांनी आदल्या वर्षी, ऑगस्ट १९३६ मध्ये, स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. त्या पक्षातर्फे बाबासाहेब मुंबईतून निवडून आले आणि दादासाहेब नाशिक जिल्ह्यातून. १७५ जणांच्या सभागृहात पक्षाचे चौदा-पंधरा आमदार. बहुमत काँग्रेसचे, सरकार बाळासाहेब खेर यांचे. मतदानाला उभं राहिलं की हरणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत. अशा ठिकाणी मूठभर माणसं काय करू शकतात?

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातला खोत म्हणजे कुळाच्या घरातले मडके मोजणारा माणूस. विधेयक मांडून ते स्वस्थ बसले नाहीत. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले आणि इतर जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले, आणि शिष्टमंडळाने मुख्यमंत्र्यांपुढे मागण्या ठेवल्या. म्हणजे आत जो कागद टेबलावर ठेवला होता, त्याच कागदाची माणसं बाहेर दारात उभी केली. विधेयक काही पास झालं नाही. पण १९४९ मध्ये मुंबई सरकारला खोती रद्द करण्याचा कायदा करावाच लागला. बारा वर्षे लागली.

त्याच वर्षी औद्योगिक कलह विधेयक आले. मी गिरणीत काम करणारा माणूस आहे, त्यामुळे इथे मी जरा थांबणार. त्या काळी गिरणीत आपल्या माणसाला विणकामाच्या खात्यात घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपलं तोंड लागलेला धागा दुसऱ्याला चालत नसे. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. हे दुखणं बाबासाहेबांनी १९२८ च्या संपातच युनियनवाल्यांपुढे ठेवले होते. म्हणजे युनियनवर रागावायला कारण होते. तरी १९३८ मध्ये सरकारने संपाला बेड्या घालणारे विधेयक आणले, तेव्हा ते असेंब्लीत उभे राहिले आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव आहे असा मुद्दा त्यांनी मांडला. विधेयक थांबेना. मग ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप. संपाआधी चाळीचाळीतून, मैदानांतून सभा. साधा बिगारी कामगार, ज्याला अंगठा उठवावा लागतो, त्याला विधेयकातली कलमं काय आहेत हे समजावून सांगितलं. कायदा तरीही झाला. पण कायद्यात काय आहे हे न कळता तो आपल्यावर पडला असं त्या वेळच्या कामगाराला म्हणता येत नव्हतं. आज किती कायदे आपल्यावर पडतात आणि आपल्याला पगाराच्या चिठ्ठीवरून कळतात, याचा विचार करा.

आणि आयाबायांनो, तुमच्यासाठी एक सांगतो. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलले होते. तेव्हा ते सरकारनियुक्त सभासद होते, एकही मतदार त्यांना नव्हता. मत मागायचं नव्हतं तरी बोलले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

आता आपल्या जिल्ह्याच्या मातीतला प्रश्न, महार वतनाचा. नव्या पोरांना वतन म्हणजे जहागिरी वाटते. वतन म्हणजे गावकीची चोवीस तासांची चाकरी आणि तिच्या बदल्यात जमिनीचा तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून वावभर राहिलेला. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. आपल्याच लोकांमध्ये तेव्हा दोन मते होती, वतन गेलं तर भाकरी जाईल ही भीती खोटी नव्हती. म्हणून परिषदा घ्याव्या लागल्या. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला, ऑगस्ट १९४१ मध्ये आपल्या सिन्नरला. वतनी जमिनीवरचा सारा सरकारने वाढवला होता, त्याविरुद्ध सिन्नरची परिषद. तेव्हा असेंब्लीचं कामकाज बंद होतं, मंत्रिमंडळाने १९३९ मध्येच राजीनामा दिलेला, कारभार गव्हर्नरच्या हातात. म्हणजे आमदारकीला कवडीचीही किंमत उरली नव्हती. सभागृह बंद, म्हणून प्रतिनिधी घरी बसला, असं झालं नाही.

शेवटी हलकी वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, त्याचा अंमल १९५९ मध्ये सुरू झाला. पहिल्या विधेयकापासून तीस वर्षे. कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन वतनदाराच्या नावे परत मिळायची होती, नवीन अविभाज्य शर्तीवर. किती जणांनी मुदतीत रक्कम भरली, किती जणांना मुदत आहे हेच कळलं नाही, आणि त्या जमिनी पुढे कोणाच्या घशात गेल्या, हे आज शहराजवळच्या प्रत्येक गावात विचारून बघा. ज्यांच्या घरी जुना सातबारा पेटीत पडून आहे त्यांनी तो काढावा. सरकारी परवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही, हे शेजारच्या बिल्डरला ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

मी मूळ मुद्द्याकडे येतो. १९५७ ची लोकसभा. बाबासाहेब जाऊन जेमतेम तीन महिने झालेले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब नाशिकमधून खासदार झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दिल्लीत त्यांच्यापुढे सगळ्यात मोठा प्रश्न आपल्या धम्मदीक्षेचा होता. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये त्यात शीख आले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्र सरकारच्या लेखी आपण अनुसूचित जातीत उरलो नाही. जातीचा छळ तोच, विहीर तीच, सवलत मात्र बंद. शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं हा प्रश्न कितीतरी घरांत भांडणाला कारण झाला. बौद्ध लिहा तर शिष्यवृत्ती गेली, जात लिहा तर दीक्षा गेली. हा प्रश्न दादासाहेबांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी संसदेत आणि बाहेर लावून धरला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राने मात्र दाद दिली नाही.

याच काळात १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मराठवाडा, खानदेश, आपला भाग. खासदार असताना दादासाहेब त्याच्या पुढे होते. नंतर ते १९६२ ते १९६८ राज्यसभेत गेले, आणि राज्यसभेत असतानाच दुसरा, त्याहून मोठा सत्याग्रह. १ ऑक्टोबर १९६४ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचा खलिता दिला. त्यात काय होतं बघा. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचं नीट वाटप करा, महागाई आवरा. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा अंमलात आणा. झोपडपट्टीची सुधारणा करा. बौद्धांना सवलती द्या. नोकऱ्यांतली राखीव जागांची भरती पुरी करा. आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. या मागण्यांत जमीन आणि किमान वेतन आहे, तसे राजस्थानातल्या, पंजाबातल्या मजुराचेही प्रश्न आहेत. फक्त आपल्या जातीपुरता हा खलिता नव्हता.

६ डिसेंबर १९६४ पासून देशभर माणसं तुरुंगात जाऊ लागली. लाखांच्या घरात गेली. बायाबापड्या, काखेत लेकरं. माझे वडील त्यात पकडले गेले होते. ते सांगायचे, तुरुंगात शिरल्यावर पहिलं काम काय, तर ज्याला वाचता येतं त्याने मागण्या मोठ्याने वाचायच्या आणि बाकीच्यांनी पाठ करायच्या. आमच्या वडिलांना जमीन काही मिळाली नाही, शेवटपर्यंत नाही. पण तलाठ्यासमोर बसून गावाचं गायरान कोणत्या गटात आहे, कोणी दाबलंय, हे विचारायची भीती त्यांची कायमची गेली. बाहेर आल्यावर त्यांनी ते विचारलं, आणि तलाठ्याने कागद काढूनही दाखवला.

सरकारशी बोलणी झाली. काही मागण्या मान्य झाल्या, पुष्कळशा कागदावर राहिल्या. १९६८ मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली, तीन वर्षांनी ते गेले. आणि मग १९९० साल उजाडलं. १२ एप्रिल १९९० ला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लागलं. त्याच वर्षी विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांना केंद्राच्या सवलती दिल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलितांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने १९९१ मध्ये घेतला. खलिता दिल्यापासून सव्वीस-सत्तावीस वर्षे. आज इथे बसलेल्या ज्या पोरांचे आईबाप १९९० नंतर केंद्राच्या नोकरीत लागले, रेल्वेत, पोस्टात, प्रेसमध्ये, त्यांच्या घराच्या भिंतीत दादासाहेबांच्या कामाची वीट आहे. तिच्यावर पाटी लावायची सोय नाही एवढंच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसतं गुणगान होईल. १९५७ ला पक्ष झाला आणि दोन वर्षांत फुटला. फुटीच्या एका बाजूला दादासाहेब होते. वकील-पदवीधर मंडळी एकीकडे आणि खेड्यातली जुनी फळी दुसरीकडे, अशी ती भांडणं झाली; दोघांनीही तुटेपर्यंत ताणलं. १९६७ च्या सुमारास दादासाहेबांच्या गटाने काँग्रेसशी समझोता केला. त्या वेळी त्यांचं म्हणणं असेल की सत्तेजवळ गेलो तर खेड्यातल्या माणसाची कामं होतील. पण त्यातून पुढे जी सवय लागली, एक जागा घ्या आणि गप्प बसा, तिची किंमत समाज अजून मोजतोय. हा माझा दोष देण्याचा सूर नाही, पण हिशेब म्हटला की जमा आणि खर्च दोन्ही लिहावे लागतात. ज्याला हे पटत नसेल त्याने विहारात येऊन माझ्याशी बोलावं, बाहेर कुजबुजू नये.

मागे आमच्यापैकी काही जण एका लोकप्रतिनिधींकडे वतनी जमिनीच्या नोंदीचा अर्ज घेऊन गेलो होतो. नाव घेत नाही, माणूस स्वभावाने वाईट नाही. चहा पाजला. अर्ज चाळून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हे किचकट आहे हो. तुम्हाला सभागृहाला पत्रे टाकून देऊ का?" आमच्यातले दोघे लगेच हो म्हणाले! पत्रे आली, नोंद तशीच राहिली. मला त्या प्रतिनिधीपेक्षा आपल्या दोघांचं जास्त वाईट वाटलं. पत्रे नकोत असं नाही, पावसात गळतं. पण जे काम नगरसेवक करू शकतो ते आमदाराकडून करून घेतलं, आणि जे फक्त आमदारच करू शकतो ते मागितलंच नाही.

आमदाराकडे काय मागायचं मग? तारांकित प्रश्न नावाची गोष्ट आहे, त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना आहे. अर्थसंकल्पावर कपात सूचना आहे. अशासकीय विधेयक आहे, जे बाबासाहेबांनी खोतीवर मांडलं तसं. वर्षातून तीन अधिवेशनं होतात, दोन मुंबईला, एक नागपूरला. आपल्या आमदाराने त्यात काय विचारलं हे पाहायला आता मुंबईला जावं लागत नाही, विधिमंडळाचं कामकाज मोबाइलवर सापडतं. पोरं रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल बघतात, त्यातली पंधरा मिनिटं यासाठी द्या.

एक उदाहरण घ्या. दादासाहेबांच्याच नावाची योजना आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना, २००४ पासूनची. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. आधी निम्मं अनुदान, निम्मं बिनव्याजी कर्ज होतं. २०१८ पासून पूर्ण अनुदान. कागदावर दादासाहेबांच्या सत्याग्रहाचीच मागणी. पण सरकार ठरवतं त्या दराने जमीन विकणारा मिळत नाही, नाशिकसारख्या द्राक्षाच्या आणि प्लॉटिंगच्या जिल्ह्यात तर नाहीच. मग दर कोणी वाढवायचा? तो प्रश्न समाजकल्याणच्या कारकुनाला विचारून उपयोग नाही, तो विधानसभेतच विचारावा लागतो. नाशिक जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत किती कुटुंबांना, कोणत्या तालुक्यात, किती एकर? एवढा एक प्रश्न. तसंच अनुसूचित जातींच्या उपयोजनेचा पैसा. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. आपल्याकडे तसाच कायदा करा ही मागणी सभागृहात कोणी किती वेळा केली, ते पाहा.

आपल्या जिल्ह्यात देवळाली ही राखीव जागा आहे, आणि पुष्कळांना वाटतं की राखीव जागेवरच्या माणसालाच हे विचारायचं. तसं नाही. पुणे करारानंतर राखीव जागेवरचाही माणूस सगळ्यांच्या मतावर निवडून येतो, आणि खुल्या जागेवरचा माणूसही आपल्या मतावर निवडून येतो. दोघांनाही विचारायचं.

समितीच्या परवानगीने मी एक दोनशे पानी वही आणून दिली आहे, ती भगवंतांच्या मूर्तीच्या बाजूच्या कपाटात ठेवली आहे. त्यात प्रत्येक अधिवेशनानंतर आपल्या आमदाराने आणि खासदाराने काय विचारलं, कशावर मत दिलं, आणि आपण त्यांना कोणती पत्रं दिली, त्यांची तारीख, पोच मिळाली की नाही, असे रकाने आखले आहेत. लिहिण्याचं काम उपासिका संघाच्या मुलींनी घेतलं आहे, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे आणि त्या घाबरत नाहीत. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटं ती वाचायची. पहिलं पत्र सबळीकरण योजनेच्या दराबद्दलचं आहे, मजकूर तयार आहे, आज जेवणाच्या आधी दाराजवळच्या टेबलावर सह्या घेणार आहोत. ज्यांचा अंगठा आहे त्यांनी अंगठा द्यावा, शाईचा पॅड ठेवला आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.